हुर्यो कुणाची करायची?

१७ एप्रिल २०२५, सकाळचे साडेसात. पुण्यात माझा दुसरा चहा व्हायचा होता. तिकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये माझ्या मित्राचे आदल्या रात्रीचे नऊ वाजले होते. फोन उचलला तर हॅलो नाही, काही नाही. "आपली टीम मेली रे," एवढंच.

बास्केटबॉलच्या एनबीए लीगमधले आमचे शिकागो बुल्स घरच्या मैदानावर मायामीकडून ९०-१०९ असे हरले होते. टायलर हिरो नावाच्या मायामीच्या पोराने एकट्याने ३८ गुण ठोकले होते. ८२ सामन्यांपैकी ३९ जिंकलेला आणि ४३ हरलेला हंगाम त्या एका संध्याकाळी मिटला. गंमत म्हणजे आदल्या वर्षीचा हिशोबही अगदी तोच, ३९-४३. प्ले-ऑफच्या दाराबाहेर 'प्ले-इन' नावाची जी धर्मशाळा बांधली आहे, तिथून त्यांना सलग तिसऱ्या वर्षी हाकललं तेही मायामीनेच.

मग पुढचा अर्धा तास मी ऐकत होतो. मित्राचं म्हणणं मला पाठ आहे, कारण बुल्सचा कुठलाही चाहता भेटला की तो हेच बोलतो. आत्ताच्या पोरांना कोट्यवधी डॉलर मिळतात, पण जिद्द नाही. निष्ठा नाही, आज इथे तर उद्या तिथे. ती नव्वदच्या दशकातली टीम म्हणजे एक कुटुंब होतं, एकमेकांसाठी जीव देणारी माणसं. आणि ते कुटुंब मोडलं संघाच्या त्या जनरल मॅनेजरने, जेरी क्राउसने. तिथपासून जो शाप लागला तो आजतागायत सुटला नाही.

त्या वेळी मी "हं, हं" करत राहिलो. हरलेल्या माणसाशी त्याच रात्री वाद घालू नये. पण आता बरेच दिवस झालेत, आणि हे रडगाणं मला मुळापासून चूक वाटतं. रडण्याला माझी हरकत नाही. ज्यासाठी रडायचं ते बाजूला ठेवून भलत्याच गोष्टीसाठी रडण्याला आहे.

आधी माझी पात्रता सांगतो, नाहीतर मित्र म्हणेल, तुला काय कळतंय. १५ जून १९९८ च्या पहाटे आम्ही दोघं नागपुरात हॉस्टेलच्या मेसमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो. सॉल्ट लेक सिटीत अंतिम मालिकेचा सहावा सामना चालू होता. शेवटची ५.२ सेकंदं उरली असताना मायकेल जॉर्डनने तो चेंडू टाकला आणि गुणफलक ८७-८६ झाला. मित्राने टेबलावर जी थाप मारली, तिने मिठाची बरणी फुटली. पोह्यांसाठी कांदा चिरत बसलेला आचारी चिडायचा सोडून म्हणाला, "शिकागो म्हणजे ते विवेकानंदांचंच ना?" आम्ही हो म्हटलं. त्याला ते पुरलं. तेव्हा त्या पहाटेचा मीही वाटेकरी आहे. ती पहाट खोटी होती असं माझं म्हणणं नाही. पण मित्राने तिच्याभोवती जी कथा रचली आहे, ती खोटी आहे.

जिद्दीपासून सुरुवात करू. १९९० साली पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा सातवा सामना डेट्रॉइटमध्ये होता आणि जॉर्डनचा साथीदार स्कॉटी पिपेन याचं डोकं इतकं चढलं होतं की त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. बुल्स हरले. डेट्रॉइटकडून सलग तिसऱ्या वर्षी हरले, हे मुद्दाम लक्षात घ्या. त्यानंतर पिपेनबद्दल जे बोललं गेलं, ते आज शब्दही न बदलता वापरता येईल: मोठ्या सामन्यात कच खातो, काळीज नाही. चार वर्षांनी, १९९४ मध्ये, जॉर्डन बेसबॉल खेळायला गेलेला असताना, न्यूयॉर्कविरुद्ध १.८ सेकंदं उरली होती आणि बरोबरी होती. शेवटचा फटका प्रशिक्षक फिल जॅक्सनने टोनी कुकोचला द्यायचं ठरवलं, तर पिपेन फुरंगटून बाकावरच बसून राहिला, मैदानात उतरलाच नाही. कुकोचने चेंडू टाकला, सामना जिंकला. हे आज एखाद्या खेळाडूने केलं असतं तर मित्राने त्याचं बारसं जेवून तेरावंही घातलं असतं.

तोच पिपेन आज 'जुन्या काळची जिद्द' म्हणून दाखवला जातो. आणि तो त्या लायकीचा आहेच! सहा विजेतेपदं मिळवलेल्या माणसाला जिद्द नव्हती असं कोण म्हणेल? माझं म्हणणं एवढंच की माणूस तोच होता. संघ हरत होता तेव्हा भित्रा ठरला, जिंकायला लागला तेव्हा वाघ ठरला. जिद्द हे आपण निकाल बघून मागाहून चिकटवलेलं लेबल असतं. २०२५ च्या बुल्समधल्या कोबी व्हाइटच्या पाठीवर ते नव्हतं, कारण त्याच्या बाजूला बाकीचा संघ नव्हता.

निष्ठेचं म्हणाल तर होरेस ग्रँट आठवा. पहिल्या तीन विजेतेपदांचा खंदा माणूस. १९९४ मध्ये तो ऑर्लँडोला गेला, आणि १९९५ मध्ये ऑर्लँडोने बुल्सना शिकागोतच, युनायटेड सेंटरमध्ये, घरी बसवलं तेव्हा त्याच्या नव्या साथीदारांनी त्याला खांद्यावर घेतलं. आणि कुटुंब? जॉर्डनने सरावात साथीदार स्टीव्ह करच्या तोंडावर ठोसा मारला होता. डेनिस रॉडमन ऐन हंगामात लास व्हेगसला निघून गेला होता, आणि १९९८ ची अंतिम मालिका चालू असताना डेट्रॉइटला कुस्तीच्या तमाशात हजेरी लावून आला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये जॉर्डन आणि पिपेन यांनी क्रोएशियाच्या कुकोचला मैदानात जो छळला, त्याचं कारण काय? तर क्राउसला तो पोरगा आवडतो, म्हणून. असली कुटुंबं आपल्याकडे वाटणीच्या खटल्यात सापडतात.

पैशांवरून तर त्या घरात उघड भांडण होतं. १९९७-९८ च्या हंगामात जॉर्डनला ३ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त मिळाले आणि पिपेनला जेमतेम २७ लाख ७५ हजार. लीगमधला एक सर्वोत्तम खेळाडू स्वतःच्याच संघात पगारात सहावा! त्याने १९९१ मध्ये घाईने लांब मुदतीचा करार केला होता, तो मालकाने शेवटपर्यंत बदलला नाही. मग पिपेनने पायाची शस्त्रक्रिया मुद्दाम लांबवली, हंगामातले पहिले दोन-अडीच महिने बाहेर बसला आणि वर मला विका म्हणून मागणीही केली. आजच्या खेळाडूने असं केलं तर आपण त्याला पैशाचा लोभी म्हणतो. पिपेनची बाजू मात्र आपल्याला पटते, आणि मलाही पटते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते: हरणं. जॉर्डनच्या पहिल्या सहा हंगामांत बुल्स एकदाही अंतिम फेरीत पोचले नाहीत. २० एप्रिल १९८६ ला त्याने बोस्टन गार्डनमध्ये ६३ गुण केले, ते अजून लोक देवाचं नाव घ्यावं तसे सांगतात. तो सामना बुल्स हरले होते. मालिका तर ०-३ ने. त्या हंगामात त्यांचा हिशोब होता ३०-५२, म्हणजे २०२५ च्या 'मेलेल्या' टीमपेक्षा नऊ विजय कमी. हे ३९-४३ वाल्यांचं समर्थन नव्हे. त्यांच्याकडे तेवीस नंबरच्या जॉर्डनसारखा कुणी नव्हता. पण 'आमच्या वेळी' म्हणताना आमच्या वेळचं सगळं आठवावं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरही हेच चालतं. मुंबई हरली की 'तो खडूसपणा गेला' म्हणून सुस्कारे सुटतात. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला हे तोंडपाठ असतं, पण त्यामागे किती क्लब, किती मैदानं, किती सामने राबत होते याची उजळणी कुणी करत नाही.

आता क्राउस. माझा खरा राग इथे आहे.

१२ जानेवारी २०२४ ची रात्र. युनायटेड सेंटर खचाखच भरलेलं. जुन्या वीरांचा सन्मान ठेवला होता आणि १९९५-९६ चा ७२-१० वाला संघ मध्यंतरात मैदानावर बोलावला होता. एकेकाचं नाव घेतलं जात होतं, टाळ्या पडत होत्या. मग पडद्यावर जेरी क्राउसचा चेहरा आला. तो २०१७ मध्ये वारला होता, म्हणून सन्मान घ्यायला त्याची विधवा पत्नी आली होती. आणि शिकागोच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. एक-दोघांनी नव्हे, सगळ्या स्टेडियममधून ती घरघर आली. ती बाई खुर्चीत बसल्या जागी रडायला लागली. शेजारचा, त्याच संघातला रॉन हार्पर तिला धीर देत होता. योगायोगाने त्या रात्री पाहुणा संघ गोल्डन स्टेटचा होता आणि त्याचा प्रशिक्षक होता त्याच ७२-१० मधला स्टीव्ह कर. सामन्यानंतर त्याने ही लाजिरवाणी गोष्ट आहे असं स्वच्छ सांगितलं. जॉर्डन आणि पिपेन त्या रात्री आलेच नव्हते.

मित्र तेव्हा तिथे होता. त्याने हुर्यो केली नाही असं तो सांगतो. मी विश्वास ठेवतो. पण "लोकांच्या भावना आहेत रे" असंही तो म्हणाला, आणि ते मला हुर्योपेक्षा जास्त लागलं.

कारण त्या संघात जॉर्डन सोडला तर क्राउसने न आणलेला माणूस शोधून दाखवा. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सेंट्रल आर्कान्सासारख्या कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या विद्यापीठातला पिपेन हेरून, सिअ‍ॅटलशी सौदा करून तो कुणी मिळवला? त्याच दिवशी दहाव्या क्रमांकावर ग्रँट कुणी घेतला? कुकोचला १९९० मध्ये, तो युगोस्लाव्हियात खेळत असतानाच, कुणी निवडलं? फिल जॅक्सनला आधी साहाय्यक म्हणून आणि १९८९ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून कुणी नेमलं? तेही डग कॉलिन्सला काढून, ज्याने नुकताच संघ विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत नेला होता. आजच्या बुल्समध्ये असला निर्णय घेण्याची कुणाची छाती आहे? रॉडमनसारखं धगधगतं प्रकरण १९९५ मध्ये विल पर्ड्यूच्या बदल्यात घरात घेतलं तेही त्यानेच.

आणि १९८८ चा तो सौदा. चार्ल्स ओकली जॉर्डनचा मित्र, मैदानावरचा अंगरक्षक. क्राउसने त्याला न्यूयॉर्कला देऊन बिल कार्टराइट आणला. वयाने तिशी ओलांडलेला, पायाच्या दुखापतींनी गांजलेला, चेंडू हातातून निसटणारा. जॉर्डन भडकला. शिकागोतल्या प्रत्येक चाहत्याने तेव्हा क्राउसला शिव्या घातल्या असणार. पुढे पहिल्या तिन्ही विजेतेपदांना मधल्या जागेवर तोच कार्टराइट उभा होता.

बुटका, जाडा, कपड्यांवर खाण्याचे कण सांडणारा म्हणून खेळाडू त्याची टिंगल करायचे, ती टिंगल २०२० च्या 'द लास्ट डान्स'ने जगभर पोचवली. दहा भागांची ती मालिका मीही रात्र जागून पाहिली. उत्तम आहे. पण तिच्यात जॉर्डनला खुर्ची होती, आणि क्राउस तीन वर्षांपूर्वीच गेला होता. एक बाजू मेलेली असताना लिहिलेला पंचनामा आपण इतिहास म्हणून स्वीकारला.

क्राउसच्या चुका मला माहीत आहेत. १९९७ च्या उन्हाळ्यातच त्याने फिल जॅक्सनला बजावलं की ८२ पैकी ८२ जिंकलास तरी हे तुझं शेवटचं वर्ष. असं बोलायची काय गरज होती? श्रेयाची भूक त्याला होती आणि ती त्याला झाकता येत नव्हती. संघ मोडल्यावर जे उभं केलं ते तर हास्यास्पद होतं: १९९८-९९ च्या तुटक हंगामात १३-३७, आणि एप्रिल १९९९ मध्ये मायामीविरुद्ध अख्ख्या सामन्यात ४९ गुण. एकोणपन्नास! आमच्या कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर, खिळखिळ्या रिंगमध्येही आम्ही कधीकधी तेवढे करायचो. पुढे १७-६५, १५-६७. हे सगळं त्याच्या नावावर आहे आणि राहील.

पण क्राउस पगारी नोकर होता. १९८५ पासून मालक एकच आहेत, जेरी राइन्सडॉर्फ. पिपेनचा करार न बदलण्याचा निर्णय मालकाचा. १९९८ नंतर वय झालेल्या महागड्या संघावर पैसे ओतायचे की नाहीत, हे ठरवणं मालकाच्या हातात होतं. नोकराने नकार तोंडावर सांगितला, म्हणून तो राक्षस झाला. आणि मालक? लीगमध्ये पगाराची एक मर्यादा ओलांडली की जादा कर भरावा लागतो. ज्यांना खरंच जिंकायचं असतं ते दात-ओठ खात का होईना, भरतात. बुल्सने तो आजवर एकदाच भरला, २०१२-१३ मध्ये. शिकागो हे अमेरिकेतलं तिसरं मोठं शहर आहे, आणि संघ हरो वा जिंको, तिथली प्रेक्षकसंख्या लीगमध्ये पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या आसपास असते. युनायटेड सेंटरमध्ये वीस हजारांवर माणूस बसतं. गरिबीचं कारण इथे चालायचं नाही. याच मालकांचा बेसबॉलचा संघ, व्हाइट सॉक्स, २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने हरला. दोन वेगवेगळ्या खेळांत एकच शाप कसा काय लागतो?

मित्रा, ही वीस हजार माणसं कशाला येतात? सहा झेंडे टांगलेले बघायला, आत दालनातल्या जॉर्डनच्या पुतळ्याजवळ फोटो काढायला, दिवे मालवल्यावर ती जुनी धून वाजते तेव्हा अंगावर काटा आणायला. तू मुलाला घेऊन जातोस, त्याला तेवीस नंबरची जर्सी घेऊन देतोस. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी निवृत्त झालेल्या माणसाची! आठवण विकून घर चालत असेल तर नवा माल कशाला बनवायचा? तू ज्या हळहळीला निष्ठा समजतोस, तोच तिथला धंदा आहे.

"मग काय करायचं, मुद्दाम हरायचं?" असं त्याने त्याच फोनवर विचारलं होतं. नाही. तेही बुल्सने करून पाहिलं आहे. १९९८ नंतरच्या सगळ्या हरण्यातून काय मिळालं? एल्टन ब्रँड मिळाला, तो त्यांनी दोन वर्षांत देऊन टाकला. आणि २०१९ मध्ये ड्राफ्टच्या सोडतीचे नियमच असे बदलले की तळाच्या तिघांनाही पहिल्या क्रमांकाची संधी फक्त १४ टक्के उरली. उलट डेरिक रोझ २००८ मध्ये १.७ टक्के संधीवर मिळाला होता. शिकागोतच वाढलेला पोरगा, बाविसाव्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू, २०१०-११ ला ६२-२०. आणि २८ एप्रिल २०१२ ला, जिंकत आलेल्या सामन्यात, त्याचा गुडघा गेला. त्यात कुणाची जिद्द कमी पडली? गुडघ्याला जिद्द नसते. २०२२ मध्ये बुल्सच्याच लोंझो बॉलचाही गेला. त्या जानेवारीत बुल्स पूर्व विभागात आघाडीवर होते, हे आज कुणाला खरंही वाटणार नाही.

पण गुडघा गेल्यानंतरच्या वर्षांचं काय? २०२२, २०२३, २०२४ - तिन्ही वर्षी फेब्रुवारीत अदलाबदलीची मुदत आली आणि गेली, बुल्सने एकही सौदा केला नाही. बॉल परत येईल म्हणून वाट बघत बसले. आणि जेव्हा सौदा केला तेव्हा अ‍ॅलेक्स करूसोला ओक्लाहोमा सिटीला देऊन जॉश गिडी घेतला. गिडी वाईट नाही. पण ज्या संघाकडे भविष्यातल्या ड्राफ्टच्या निवडी पोत्याने पडल्या होत्या, त्याच्याकडून वर एकही मागून घेतली नाही. जून २०२५ मध्ये करूसो विजेतेपदाचा करंडक हातात घेऊन उभा होता. क्राउसने ओकली दिला तेव्हा निदान त्याला काय हवंय हे ठाऊक होतं.

ओरडून काही होत नाही, असंही मित्र म्हणतो. होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी सगळी लीग शिकागोत आली होती, तेव्हा लोकांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर संघाचे कारभारी गार फोरमन आणि जॉन पॅक्सन यांना काढा म्हणून घोषणा दिल्या. दोन महिन्यांत फोरमनला काढलं, पॅक्सन बाजूला झाला. शिकागोच्या घशात जोर आहे. तो त्यांनी एका विधवेवर खर्च केला, याचं मला वाईट वाटतं.

मे २०२५ च्या १२ तारखेला ड्राफ्टची सोडत निघाली, तीही शिकागोतच. बुल्स आणि डॅलस दोघांचा हिशोब एकच होता, ३९-४३. बरोबरी सोडवायला आधी नाणं उडवलं गेलं होतं. ते डॅलसच्या बाजूने पडलं, त्यांना १.८ टक्के संधी मिळाली, बुल्सना १.७. पहिला क्रमांक, म्हणजे त्या वर्षी सगळ्यांना हवा असलेला कूपर फ्लॅग, डॅलसला गेला. बुल्स बाराव्या क्रमांकावर.

त्या दिवशीही फोन आला. "शाप आहे रे, दुसरं काय." करूसोच्या करंडकाची गोष्ट सोडून हे सगळं मी त्याला ऐकवलं, जवळपास याच क्रमाने. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पोराचं वेगळंच आहे, त्याला कोबी व्हाइटची जर्सी हवी आहे, तेवीसची नको म्हणतो.

"मग दे की घेऊन."

"देतो," तो म्हणाला. "पण शून्य नंबर आहे रे त्याचा."